‘हो’ म्हणण्याआधी : प्लेग, पानशेत आणि आभासी वास्तवातले स्वयंसेवक



आजच्या विषयाचं नाव वाचून काहींनी आम्हाला विचारलं, की इतिहासाच्या व्याख्यानमालेत हे आभासी वास्तव, व्हर्च्युअल रिॲलिटी, कुठून आलं? प्रश्न रास्त आहे. उत्तर देण्यासाठी एक उदाहरण घेऊ. आपण आत्ता कसबा पेठेत बसलो आहोत. एका अंगाला कसबा गणपती आणि लाल महाल, दुसऱ्या अंगाला थोडं चाललं की मुठा नदी. उदाहरण या नदीचंच आहे.

समजा, एखाद्या कॉलेजच्या सूचनाफलकावर एक कागद लागला. ‘व्हीआर संशोधनासाठी विद्यार्थी स्वयंसेवक हवेत. वेळ एक तास. प्रमाणपत्र मिळेल. नावं सरांकडे द्यावीत.’ तुम्ही नाव दिलंत. ठरल्या वेळी गेलात. डोळ्यांवर हेडसेट चढवला, आणि तुम्ही १२ जुलै १९६१ या दिवशी कसब्यातल्या एका वाड्यात उभे आहात. चौकात पाणी शिरतंय. मान वळवली तरी पाणीच. जिन्याच्या पायऱ्या एकेक करून बुडतायत आणि खालून कुणीतरी हाक मारतंय. तुमच्या बोटाला लावलेलं यंत्र घाम मोजतंय, छातीचे ठोके मोजतंय. पुढचा आठवडाभर तुम्हाला एका वहीत लिहायचंय, की हे दृश्य आपोआप, नको असताना, किती वेळा डोळ्यांपुढे आलं.

पुण्यात असा प्रयोग झालाय, असं आम्ही म्हणत नाही. हे आपलं आजच्यापुरतं उदाहरण. पण या जातीचे प्रयोग जगात होतात, आणि त्यांत बसणारे बहुतेक जण विद्यार्थीच असतात. तेव्हा आजचा प्रश्न असा : त्या कागदाखाली नाव लिहिणारा मुलगा किंवा मुलगी नक्की कशाला ‘हो’ म्हणते? आणि तो ‘हो’ तिचा स्वतःचा असतो का? हा प्रश्न या पेठांना नवा नाही. म्हणून तो इतिहासाच्या व्याख्यानात.

तीन शब्द

आधी शब्द बघू. मराठीत मानसशास्त्र शिकलेल्यांना ‘प्रयुक्त’ हा शब्द आठवत असेल. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये ‘प्रयोगकर्ता’ आणि ‘प्रयुक्त’ असे दोन रकाने असत. शेजारच्या बाकावरची मैत्रीण प्रयुक्त व्हायची, मग आपण तिचे प्रयुक्त व्हायचो. शब्दाचा अर्थ पाहा : ज्याचा प्रयोग केला गेला, जो वापरला गेला तो. कर्मणी प्रयोगातला माणूस. त्याला काय वाटतं, हे शब्दात कुठेच नाही.

दुसरा शब्द ‘स्वयंसेवक’. पुण्यात हा शब्द उच्चारला की वेगळंच चित्र उभं राहतं. मांडवात रांग लावणारा, पुरात दोर धरणारा, रक्तदान शिबिरात खुर्च्या मांडणारा. संकट दुसऱ्यावर आलेलं असतं आणि हा मदतीला धावतो. आता प्रयोगाच्या कागदावर ‘स्वयंसेवक हवेत’ असं लिहिलं, की या शब्दाचं सगळं पुण्य त्या कागदाला आपोआप चिकटतं. पण इथे संकट दुसऱ्यावर नाही. ते याच मुलाच्या मनात, ठरवून, मोजून उभं करायचं आहे. तो पाण्यात दोर टाकायला आलेला नाही, त्यालाच पाण्यात उभं केलंय. ‘प्रयुक्त’ हा शब्द निदान प्रामाणिक तरी होता!

तिसरा शब्द अलीकडचा, ‘सहभागी’. ज्याचा भाग आहे, वाटा आहे, तो. हा शब्द आता अर्जांवर सर्रास येतो. पण अर्जावर ‘सहभागी’ छापल्यामुळे कुणी सहभागी होत नाही. त्यासाठी काय लागतं, ते पाहायला आपण १८९७ मध्ये जाऊ.

१८९७ : न विचारता आत आलेले

मुंबईत १८९६च्या सप्टेंबरात प्लेग उघडकीला आला आणि काही महिन्यांत तो पुण्यात शिरला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँडच्या हाताखाली प्लेग कमिटी आली आणि तपासणीचं काम गोऱ्या सोल्जरांकडे दिलं गेलं. ते पेठापेठांतून, वाड्यावाड्यांतून फिरले. देवघरापर्यंत, माजघरापर्यंत गेले. रोगी शोधायचे, त्यांना इस्पितळात न्यायचं, बाकीच्यांना सेग्रिगेशन कँपात, घरातलं सामान बाहेर काढून जाळायचं. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. २२ जून १८९७ला गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली.

हेतू काय होता? साथ थांबवणं. तो हेतू खोटा होता असं आज कुणी डॉक्टर म्हणणार नाही. पण लोकांना विचारलं गेलं नाही आणि समजावून सांगितलं गेलं नाही. ‘तुमच्या भल्याचंच आहे’ हे वाक्य दार ठोठावण्याला पर्याय होत नाही, एवढं तरी त्या वर्षाने पुण्याला शिकवलं.

त्याच वर्षी एक दुसरी गोष्ट घडत होती. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंतराव प्लेगच्या रुग्णांची सेवा करत होते. त्यातच सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ला त्या गेल्या. स्वयंसेवक या शब्दाचा आपल्या मनातला जो अर्थ आहे, तो अशा माणसांनी घडवला आहे. त्यांना धोका माहीत होता आणि तो त्यांनी पत्करला होता.

आणि तिसरी गोष्ट मुंबईतली. वाल्डेमार हाफकिन हे ओडेसात जन्मलेले, पाश्चर संस्थेत काम केलेले शास्त्रज्ञ. ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या छोट्या प्रयोगशाळेत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ला ती आधी स्वतःला टोचून घेतली, तीही पुढे लोकांना दिली त्याहून बऱ्याच मोठ्या मात्रेत. ताप आला, अंग दुखलं, ते त्यांनी सोसलं. मग इतरांकडे गेले. पुढे आगाखानांसारख्यांनी आपल्या लोकांसमोर लस टोचून घेतली, ती लोकांची भीती जावी म्हणून.

इथे टाळ्या वाजवून थांबता आलं असतं. पण हाफकिन यांनी त्यानंतर लवकरच कुणावर लस वापरली? भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर. कैदी स्वेच्छेने पुढे आले, अशी नोंद आहे. काहींनी घेतली, काहींनी नाही, म्हणजे नाही म्हणायची सोय होती. तरीही आज आपण विचारतो, की तुरुंगाच्या अधिकाऱ्यासमोर उभ्या असलेल्या कैद्याचा ‘हो’ कितीसा मोकळा असतो? हा प्रश्न लक्षात ठेवा. कॉलेजमधल्या मुलांकडे येताना तो आपल्याला परत लागणार आहे.

१९६१ : दार वाजवून आलेले

आता आपल्या नदीकडे. पानशेतचं मातीचं धरण अजून पूर्ण व्हायचं होतं. ते खचायला लागल्यावर लष्कराच्या जवानांनी वाळूच्या पोत्यांची भिंत रचून त्याला काही तास तरी धरून ठेवलं. १२ जुलै १९६१च्या सकाळी ते फुटलं, त्या लोंढ्याने खालचं खडकवासलाही फुटलं, आणि मुठेकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. कसब्याची नदीकडची बाजूही त्यात होती. पाणी ओसरल्यावर शहरभर चिखल, पण नळाला पाणी नाही, कारण पुण्याला पाणी देणारं खडकवासलाच वाहून गेलेलं.

पूर ओसरल्यावर मदतीला माणसं आली तशी काही जण वही-पेन्सिल घेऊनही आली. गोखले अर्थशास्त्र संस्थेने पूरग्रस्तांचा अभ्यास केला. सुलभा ब्रह्मे आणि प्रकाश गोळे यांचं ‘डेल्यूज इन पूना’ हे पुस्तक १९६७ साली त्यातून आलं. घर गेलं त्यांचं काय झालं, पुनर्वसन कुणाचं कसं झालं, हे त्यात मांडलंय. सरकारने केलेल्या चौकशीपेक्षा हे वेगळं काम होतं. ज्यांच्यावर आपत्ती आली त्यांच्याच तोंडून तिचा हिशेब घेणं.

६४ वर्षांच्या अंतराने याच पेठांतली दारं दोनदा ठोठावली गेली. १८९७ला सोल्जरांनी, आणि पुरानंतर पाहणी करणाऱ्यांनी. दोघांनाही माहितीच हवी होती. फरक एवढाच, की दुसऱ्या वेळी घरातला माणूस ‘आज नको, नंतर या’ म्हणू शकत होता. दुःखद अनुभवाचं संशोधन आणि दुःखात घुसणं यांतलं अंतर त्या एका वाक्याएवढं आहे.

प्रयोगशाळेत आणलेलं दुःख

आता योगायोग बघा. पानशेत फुटलं त्यानंतर महिनाही झाला नव्हता, ऑगस्ट १९६१मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठात स्टॅन्ले मिलग्राम यांचे प्रयोग सुरू झाले. वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती : स्मरणशक्तीच्या अभ्यासासाठी माणसं हवीत, तासाचे चार डॉलर, वर येण्याजाण्याचे पन्नास सेंट. आलेल्यांना शेजारच्या खोलीतल्या माणसाला विजेचे झटके द्यायला सांगितलं गेलं. झटके खोटे होते, ओरडणारा माणूस नाटक करत होता. पण बटण दाबणाऱ्याचा घाम आणि थरथर खरी होती. सगळ्यात गाजलेल्या फेरीत ४० पैकी २६ जण शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत गेले. ते स्मरणशक्तीच्या अभ्यासाला ‘हो’ म्हणाले होते. बाहेर पडले ते स्वतःबद्दल काहीतरी भलतंच कळून.

दहा वर्षांनी, ऑगस्ट १९७१मध्ये, स्टॅनफर्डला फिलिप झिम्बार्डो यांनी तळघरात तुरुंग मांडला. पुन्हा जाहिरात, या वेळी फक्त कॉलेजच्या मुलांसाठी, दिवसाला १५ डॉलर. दोन आठवडे चालायचा प्रयोग सहा दिवसांत बंद करावा लागला. त्यात ‘कैदी’ झालेल्या मुलांना आपण निघून जाऊ शकतो, हे जवळजवळ विसरायला झालं होतं. कागदावर परवानगी होती, पण दार दिसत नव्हतं.

या प्रयोगाचा एक उत्तरार्ध फारसा कुणाला माहीत नसतो. २००७ साली थॉमस कार्नाहन आणि सॅम मॅकफार्लंड यांनी दोन जाहिराती दिल्या. एकीत ‘तुरुंगातल्या जीवनाचा अभ्यास’ असे शब्द होते, दुसरीत फक्त ‘मानसशास्त्रीय अभ्यास’. बाकी मजकूर तोच. तुरुंगाच्या जाहिरातीला आलेली मुलं आक्रमकता, हुकूमशाही वृत्ती यांच्या चाचण्यांवर वरचढ निघाली आणि सहानुभूतीत कमी. म्हणजे फलकावरचा कागद नुसती माणसं बोलावत नाही, तो माणसं निवडतो. आपल्या उदाहरणातल्या कागदावर ‘थरारक अनुभव’ असं लिहिलं तर एक प्रकारची मुलं येतील. ‘पुरात अडकल्याचा अनुभव’ लिहिलं तर दुसरी. आणि दोन्ही वेळा निघालेला निष्कर्ष ‘माणसाच्या मनाचा’ म्हणून छापला जाईल.

मग असं संशोधन करायचंच कशाला?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. रिचर्ड लाझारस यांनी १९६०च्या दशकात लोकांना अस्वस्थ करणारे चित्रपट दाखवून त्यांच्या शरीरावरचे परिणाम मोजले. तिथून एक धागा सुरू झाला. अपघात, पूर, अत्याचार यांतून गेलेल्या माणसाला ती दृश्यं वर्षानुवर्षं छळतात. ती मनात कशी रुततात हे समजायला खऱ्या अपघाताची वाट पाहता येत नाही. म्हणून छोटं, सोसवेल असं दुःख प्रयोगशाळेत निर्माण करायचं. २००९ साली एमिली होम्स आणि सहकाऱ्यांनी ४० जणांना असा चित्रपट दाखवला. अर्ध्या तासाने काहींना टेट्रिस हा खेळ खेळायला दिला. त्यांना पुढच्या आठवड्यात ती दृश्यं कमी वेळा आठवली. यातून उपचाराची एक वाट दिसली. तिकडे १९९०च्या दशकातच अटलांटामध्ये व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या उपचारासाठी आभासी व्हिएतनाम उभं केलं गेलं होतं.

तेव्हा हे संशोधन गरजेचं आहे, आणि कुणीतरी ‘हो’ म्हटल्याशिवाय ते होणार नाही, असंच आमचं मत आहे.

आता आभासी वास्तवाने काय बदललं? चित्रपटात मान फिरवता येते, डोळे मिटता येतात, शेजारचा दिसतो. हेडसेटमध्ये मान फिरवली की तिकडेही पाणीच. २००६ साली लंडनमध्ये मेल स्लेटर आणि सहकाऱ्यांनी मिलग्रामचा प्रयोग आभासी वास्तवात करून पाहिला. ३४ जण होते. झटके बसणारी बाई संगणकाने काढलेली आहे, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी ज्यांना ती दिसत आणि ऐकू येत होती त्यांच्या शरीराने ती खरी असल्यासारखाच प्रतिसाद दिला. म्हणून ‘खोटंच तर आहे, घाबरायचं काय?’ हे वाक्य आता कुणी वापरू नये. डोक्याला खोटं कळतं, पण छातीला ते कळायला वेळ लागतो.

विद्यार्थ्याचा ‘हो’

आता तो भायखळ्याचा प्रश्न परत काढू. १९४७च्या न्यूरेंबर्ग संहितेचं पहिलं कलमच स्वेच्छासंमतीचं आहे. नाझी डॉक्टरांच्या खटल्यातून ती आली. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं पहिलं धोरण १९८०चं, आणि आजची मार्गदर्शक तत्त्वं २०१७ची. त्यात सामाजिक आणि वर्तनविषयक संशोधनासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. आणि ज्यांना जास्त संरक्षण लागतं अशा गटांमध्ये, अधिकाराच्या उतरंडीत खाली असलेले म्हणून, विद्यार्थ्यांचा उल्लेख आहे. कैद्यांचाही आहे.

विद्यार्थी आणि कैदी एका यादीत? ऐकायला विचित्र वाटतं. पण आपल्या कागदावरची शेवटची ओळ आठवा, ‘नावं सरांकडे द्यावीत.’ ज्या सरांच्या हातात इंटर्नल मार्क आहेत, ज्यांच्याकडे उद्या शिफारसपत्र मागायला जायचंय, ते वर्गात विचारतात, ‘कोण कोण येणार?’ बाजूचे चार हात वर जातात. पाचवा हात खाली ठेवायला किती ताकद लागते, ते आपण सगळे विद्यार्थी होतो, आपल्याला माहीत आहे.

आणि पाचवा हात कुणाचा आहे? पुण्याच्या वसतिगृहांत सांगली-कोल्हापूरची मुलं राहतात. त्यांनी ऑगस्ट २०१९चा पूर पाहिलाय. त्याच वर्षी २५ सप्टेंबरच्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याने घरं नेली. माळीण आपल्याच जिल्ह्यातलं, ३० जुलै २०१४चं. कसब्यातल्या एखाद्या मुलीने पानशेत पाहिलेलं नसेल, पण आजीच्या तोंडून ते इतकं ऐकलं असेल की ते तिचंच झालंय. संशोधकासाठी पूर हे एक ‘उद्दीपक’ आहे. तिच्यासाठी ते तिचं घर आहे.

कागद पुन्हा लिहू

तेव्हा तो कागद पुन्हा लिहून बघू. इतिहासाने दिलेली सामग्री आपल्याजवळ आहे.

पहिलं : काय दिसणार ते आधीच सांगा. ‘यात घरात पाणी शिरताना आणि माणसं हाका मारताना दिसतील, ऐकू येतील.’ ज्याला नको आहे तो कारण न सांगता बाजूला होईल. ‘तुम्हाला पूर्वी असा काही अनुभव आलाय का?’ असं चारचौघांत विचारण्यापेक्षा हे कितीतरी बरं. निकालासाठी काही दडवावंच लागत असेल, तर नैतिकता समितीची परवानगी घ्या आणि शेवटी सगळं उघड करा.

दुसरं : नावं सरांकडे नकोत. ज्याच्या हातात मार्क नाहीत अशा माणसाकडे द्या. कोण आलं, कोण नाही, हे शिक्षकांना कळूच नये.

तिसरं : मोबदला एवढा नको की गरजू मुलगा भीती गिळून येईल. येण्याजाण्याचा खर्च, गेलेल्या वेळेची भरपाई, बस्स. आणि अर्ध्यात उठला तरी ती पूर्ण मिळेल, हे कागदावरच लिहा.

चौथं : दार दिसू द्या. एक शब्द ठरवा, तो उच्चारला की हेडसेट काढला जाईल. तो शब्द सुरू करण्याआधी एकदा मुद्दाम म्हणायला लावा. स्टॅनफर्डच्या मुलांकडे नेमकं हेच नव्हतं.

पाचवं : नंतर कोण भेटेल, त्याचं नाव आणि फोन लिहा. तास संपला म्हणजे प्रयोग संपत नाही. रात्री अकराला वसतिगृहाच्या खोलीत ते पाणी पुन्हा आलं तर? सरकारची टेलि-मानस ही १४४१६ क्रमांकाची सेवा आहेच, पण संशोधकाने आपली जबाबदारी तिच्यावर ढकलू नये.

आणि सहावं, हाफकिनकडून घेतलेलं : तो हेडसेट आधी संशोधकाने स्वतः घालावा. सगळा वेळ, सगळ्या आवाजांसकट. मग त्याच्याच शब्दांत कागदावर एक ओळ लिहावी, की मला कसं वाटलं. यातून धोका कमी होतो असं नाही, हाफकिनना सोसलं ते दुसऱ्याला सोसेलच असंही नाही. पण विचारणारा आणि विचारला जाणारा त्या पाण्यात एकदा तरी बरोबरीने उभे राहतात. ‘सहभागी’ या शब्दाला मग काही अर्थ येतो.

प्रश्नोत्तरांतून

*प्रश्न : इतकं सगळं आधीच सांगितलं तर कोण येणार? संशोधनच बंद पडेल.*

कमी येतील, हे खरं आहे. पण १८९७चे सोल्जर एका दिवसात कितीतरी घरं तपासत होते. त्या वेगाचं काय झालं, ते आपण बघितलं. लस पुढे लोकांनी घेतली ती हळूहळू, शेजाऱ्याला घेताना पाहून. जे समजून येतात ते प्रामाणिक उत्तरं देतात, शेवटपर्यंत थांबतात. दडपणाखाली आलेला मुलगा वहीत काहीही लिहून देतो. त्या आकड्यांचं काय करणार?

*प्रश्न : मी मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्याकडे असं विचारलं जातं तेव्हा मला उत्सुकताही असते आणि भीतीही वाटते. जावं की नाही?*

हे आम्ही ठरवू शकत नाही, आणि ठरवूही नये. उत्सुकता चांगलीच आहे, तिच्याशिवाय हे शास्त्र उभंच राहिलं नसतं. जाण्याआधी तीन गोष्टी विचारा. मला काय दिसेल? मी मध्येच उठलो तर काय होईल? तुम्ही स्वतः हे केलंय का? तिन्हींची सरळ उत्तरं मिळाली तर जा, आणि शिकून या. एकाचंही उत्तर ‘ते तुम्ही बघू नका’ असं आलं, तर ‘आज नको, नंतर या’ म्हणा. या पेठेला ते वाक्य म्हणायचा हक्क मिळायला फार वेळ लागला आहे.